डॉ. लिव्हिंग्स्टन व त्यांचे सांगाती

साहस हा शब्द आपल्या घरांतून बहुधा दोष देण्यासाठींच वापरला जातो. मुलगा न सांगतां डोंगरावर गेला, पुराच्या पाण्यांत उतरला, रानांतून दिवेलागणीनंतर परतला, म्हणजे साहस केल्याबद्दल त्यास चार शब्द ऐकावे लागतात. आईबापांचा जीव तोंवर कसा टांगणीस लागलेला असतो हें ज्यास ठाऊक आहे, तो त्यांस नांवें ठेवणार नाहीं. तरीपण त्याच साहसास योग्य कामाची व योग्य सोबतीची जोड मिळाली तर त्यांतून काय निष्पन्न होतें, आणि त्याची किंमत कोणाकोणास द्यावी लागते, हें पाहण्यासारखें आहे. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचें नांव शाळेंत भूगोल शिकलेल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेलें असतें. परंतु त्यांच्या अखेरच्या प्रवासाशीं आपल्या मुंबईचा व नाशिकचा जो निकट संबंध आहे, तो मात्र फार थोड्यांच्या लक्षांत राहिला आहे.

डेव्हिडचा जन्म १९ मार्च १८१३ रोजीं स्कॉटलंडांतील ब्लॅन्टायर या गांवीं झाला. तेथें क्लाइड नदीच्या कांठीं सुताची गिरणी होती, व कामगारांसाठीं बांधलेल्या एका चाळींत २४ कुटुंबें राहत. लिव्हिंग्स्टन कुटुंबाचा सारा संसार त्यांतील एका खोलींत. बाप नील हा चहा विकीत गांवोगांव हिंडे; माणूस मोठा धर्मशील, पण पैशानें नेहमीं तोकडा. दहाव्या वर्षीं डेव्हिड गिरणींत लागला. सकाळीं सहापासून रात्रीं आठपर्यंत तुटलेले धागे जोडावयाचे, हें त्याचें काम. पहिल्या आठवड्याच्या मजुरींतून थोडे पैसे काढून त्यानें लॅटिन व्याकरणाचें पुस्तक विकत घेतलें. यंत्राच्या चौकटीवर पुस्तक उघडें ठेवावयाचें व येतां जातां एक एक वाक्य वाचावयाचें, अशी त्याची रीत होती. आठ वाजतां काम सुटलें कीं दहापर्यंत रात्रीची शाळा.

अशा मुलास मोकळा वेळ तो किती मिळणार! पण जो मिळे तो चार भिंतींत घालविणें त्यास ठाऊक नव्हतें. सुटीच्या दिवशीं भावांस घेऊन तो रानोमाळ हिंडे. चुन्याच्या दगडांच्या खाणींत शिरून दगडांत रुतून बसलेले शिंपले गोळा करी. झाडपाला आणून त्याचीं नांवें पुस्तकांत शोधी. जवळच बॉथवेल नांवाचा पडका किल्ला आहे. इतर मुलें जेथवर चढलीं होतीं त्याहूनही वर चढून त्यानें भिंतीवर आपलें नांव कोरलें, अशी आठवण चरित्रकारांनीं नमूद केली आहे. (नांव कोरण्याचा हा भाग आमच्या विद्यार्थ्यांनीं उचलूं नये, आपल्या गडांच्या भिंती अगोदरच नांवांनीं भरून गेल्या आहेत.) एकदां मासे धरतांना मनाई असलेला एक मोठा सामन मासा त्याच्या हातीं लागला. तो त्यानें धाकट्या चार्ल्सच्या विजारींत दडवून घरीं आणला, आणि पाय सुजलेल्या त्या बिचाऱ्या मुलाची वाटेंतले लोक कींव करीत राहिले.

बापाचा शास्त्रीय पुस्तकांवर विश्वास नव्हता. त्यांच्या वाचनानें धर्मश्रद्धा ढळेल अशी त्यास धास्ती वाटे, आणि धार्मिक पुस्तक वाचण्याचें नाकारल्याबद्दल डेव्हिडनें त्याच्या हातचा मारही खाल्ला होता. पुढें टॉमस डिक या लेखकाचें पुस्तक वाचून, सृष्टीचा अभ्यास व देवावरील भक्ति हीं एकमेकांच्या आड येत नाहींत, अशी डेव्हिडची खात्री झाली. मग त्यानें वैद्यकी शिकून मिशनरी होण्याचें ठरविलें. १८३६ सालीं तो ग्लासगोच्या अँडरसन कॉलेजांत दाखल झाला; हिंवाळ्यांत अभ्यास करावा व उन्हाळ्यांत पुन्हा गिरणींत राबून फीचे पैसे जमवावे, असा क्रम होता. १८४० सालच्या अखेरच्या परीक्षेंत स्टेथोस्कोप या तेव्हां नव्या असलेल्या उपकरणाविषयीं परीक्षकांशीं वाद घालून त्यानें आपली परीक्षा उगाच लांबविली, पण शेवटीं पदवी मिळाली. त्याचा ओढा चीनकडे होता. अफूच्या युद्धामुळें तो मार्ग बंद झाला, आणि दक्षिण आफ्रिकेंतील वृद्ध अनुभवाचे मिशनरी रॉबर्ट मॉफट यांची गांठ पडून आफ्रिकेस जाण्याचें ठरलें. १८४० च्या डिसेंबरांत लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीनें डॉक्टर निघाले. जहाजावर कप्तानाकडून त्यांनीं क्वाड्रंट यंत्रानें तारे पाहून आपलें ठिकाण कसें ठरवावें हें शिकून घेतलें. त्या रात्रींच्या त्या शिकवणीवर पुढें आफ्रिकेच्या नकाशांतील कितीतरी रेषा उभ्या राहिल्या.

१८४४ सालीं माबोत्सा येथें सिंहानें त्यांस धरलें ही गोष्ट सर्वश्रुत आहे. गोळी लागलेल्या सिंहानें उडी घेऊन त्यांचा डावा दंड चावला व हाडाचा चुरा केला. मात्र ही गोष्ट सांगतांना एक नांव बहुधा गळतें. मेबाल्वे नांवाच्या देशी शिक्षकानें सिंहावर बंदूक रोखली. बार उडाला नाहीं, तेव्हां सिंह डॉक्टरांस सोडून त्याच्या अंगावर गेला व त्याची मांडी फोडली. अगोदर लागलेल्या गोळ्यांनीं सिंह लवकरच मरून पडला. मेबाल्वे तेथें नसता तर पुढचें चरित्र लिहिण्याचें कारणच उरलें नसतें. डॉक्टरांचा तो दंड पुढें नीट सांधला नाहीं.

पुढल्या वर्षीं मॉफट यांची कन्या मेरी हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. ती आफ्रिकेंतच जन्मलेली, कष्टाळू व धीराची होती. कोलोबेंग येथें नवऱ्यानें स्वतः बांधलेल्या घरांत साबण, मेणबत्त्या, भाकरी हें सारें ती हातानें करी. तेथील राजा सेचेले यानें १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतला. पण डॉक्टरांचें मन एका ठिकाणीं रमेना. १८४९ सालीं कालाहारीचें वाळवंट ओलांडून ऑझवेल व मरे या मित्रांसह त्यांनीं न्गामी सरोवर गांठलें. त्यानंतरच्या दोन प्रवासांत बायकामुलेंही बरोबर होतीं. पाण्यावांचून मुलें तळमळलीं, तापानें आजारी झालीं. १८५० च्या प्रवासाहून परतल्यावर जन्मलेलें अर्भक कांहीं आठवड्यांतच दगावलें. सासूनें रागावून पत्र धाडलें, आणि आमच्या मतें तो राग रास्त होता. १८५२ सालीं डॉक्टरांनीं पत्नीस व चार मुलांस केपटाऊनहून विलायतेस रवाना केलें. तेथें मेरीबाईनें चार वर्षांहून अधिक काळ ओढगस्तींत काढला. थोर पुरुषांच्या चरित्रांत अशीं पानें भरभर उलटण्याची आपणांस संवय असते. पण त्या साहसाचा खर्च तिच्याही नांवें पडला होता, हें विसरतां येत नाहीं.

११ नोव्हेंबर १८५३ रोजीं झांबेझीच्या खोऱ्यांतील लिन्यांती या गांवाहून डॉक्टर पश्चिमेकडे निघाले. समुद्रापर्यंत जाणारा व्यापाराचा मोकळा मार्ग सांपडला तर माणसें विकण्याचा व्यापार आपोआप खुंटेल, ही त्यांची धारणा. मकोलोलो लोकांचा तरुण राजा सेकेलेटू यानें २७ माणसें दिलीं, होड्या दिल्या, खावयास बैल दिले. डॉक्टरांचें स्वतःचें सामान अगदींच थोडें होतें: एक लहान तंबू, अंगावर घ्यावयास मेंढीचें कातडें, निजावयास घोड्याची झूल, कपड्यांची व औषधांची पेटी, पवित्र शास्त्र, गणिताचीं कोष्टकें, नक्षत्रमापनाचीं यंत्रें, आणि शास्त्रांतील चित्रें भिंतीवर दाखविणारा एक जादूचा कंदील. बसावयास सिंदबाद नांवाचा एक द्वाड बैल होता. तो त्यांस वरचेवर पाण्यांत किंवा कांट्यांत पाडी. वाटेंत हिवतापानें त्यांस पुनःपुन्हां गांठलें. कोठें नदी ओलांडूं देण्याबद्दल एक माणूस, एक बैल किंवा एक बंदूक अशी मागणी होई. सोबत्यांपैकीं एकासही देण्याचें त्यांनीं नाकारलें. ३१ मे १८५४ रोजीं ते अटलांटिक महासागरावरील लुआंडा बंदरीं पोंचले, तेव्हां अंगावर हाडांवांचून कांहीं उरलें नव्हतें.

डॉक्टरांची पारख याच ठिकाणीं झाली असें आम्हांस वाटतें. बंदरांत इंग्रजी जहाजें उभीं होतीं. कप्तान त्यांस घरीं न्यावयास तयार होते. बायकामुलांस पाहून दोन वर्षें लोटलीं होतीं, व शरीर पार खंगलें होतें. परंतु बरोबरच्या २७ माणसांस परत घरीं पोंचविण्याचें वचन त्यांनीं दिलें होतें, आणि त्यांवांचून त्या माणसांस आपला मुलुख गांठणें अशक्य होतें. त्यांनीं आपलीं पत्रें व नकाशे जहाजावर दिले, स्वतः मात्र आल्या वाटेनें पुन्हा रानांत शिरले. तें जहाज माडेरा बेटाजवळ बुडालें. बातमी कळल्यावर सारें लिखाण त्यांनीं पुन्हा बसून लिहून काढलें. १८५५ च्या सप्टेंबरांत ते लिन्यांतीस परत पोंचले. त्या २७ जणांपैकीं एकही वाटेंत मेला नव्हता.

मग पूर्वेचा मार्ग. याही वेळीं सेकेलेटूनें माणसें व सामान पुरविलें, व कांहीं अंतर तो स्वतः बरोबर गेला. नोव्हेंबर १८५५ मध्यें त्यांनीं डॉक्टरांस तो प्रचंड धबधबा दाखविला, ज्यास तेथील लोक मोसि-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर, म्हणत. डॉक्टरांनीं त्यास राणी व्हिक्टोरियाचें नांव दिलें. २० मे १८५६ रोजीं ते हिंदी महासागरावरील केलिमाने बंदरीं उतरले. आफ्रिकेचा मध्यभाग एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ओलांडून त्याची शास्त्रशुद्ध टिपणें ठेवणारे ते पहिले युरोपियन.

विलायतेंत त्यांचा मोठा गौरव झाला, १८५७ सालीं निघालेलें त्यांचें प्रवासवर्णन हातोहात खपलें, व सरकारनें झांबेझीच्या शोधासाठीं आगबोट व मदतनीस दिले. १८५८ पासून १८६४ पर्यंतच्या या मोहिमेविषयीं थोडक्यांतच सांगितलेलें बरें. नदी जलमार्गास योग्य आहे असें त्यांनीं सांगून ठेवलें होतें. पण पूर्वीच्या प्रवासांत जो भाग त्यांनीं जवळच्या वाटेनें टाळला होता, तेथेंच केब्राबासाच्या खडकाळ उताऱ्यानें आगबोटीची वाट अडविली. आफ्रिकी सोबत्यांशीं वर्षानुवर्षें सलोख्यानें वागणाऱ्या डॉक्टरांचें स्वदेशीय मदतनीसांशीं मात्र पटेना. कित्येकांस त्यांनीं कठोरपणें व कधीं अन्यायानें वागविलें. मेरीबाई पुन्हा त्यांजकडे आली, आणि तीनच महिन्यांनीं, २७ एप्रिल १८६२ रोजीं, शुपांगा येथें तापानें वारली. तिला तेथेंच एका गोरखचिंचेच्या झाडाखालीं पुरलें. पुढल्या वर्षीं सरकारनें मोहीम परत बोलाविली.

आतां मुंबईचा संबंध येतो. डॉक्टरांनीं स्वतःच्या पैशानें 'लेडी न्यासा' नांवाची लहानशी आगबोट आणविली होती. ती आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विकली तर गुलामांचे व्यापारी ती घेतील, या भीतीनें त्यांनीं ती मुंबईस नेऊन विकण्याचें ठरविलें. सरोवरासाठीं बांधलेली बोट, १४ टन कोळसा, पावसाळा तोंडावर आलेला, आणि पुढें अडीच हजार मैलांचा समुद्र! बरोबर एक स्टोकर, एक खलाशी व एक सुतार असे तीन गोरे, झांबेझीकांठचे सात आफ्रिकी, आणि चुमा व विकातानी हीं दोन मुलें. विकावयास नेलेल्या गुलामांच्या तांड्यांतून हीं मुलें सोडविलेलीं होतीं. जहाजाची दिशा ठरविण्याचें काम डॉक्टरांनीं स्वतःच केलें. ३० एप्रिल १८६४ रोजीं झांझिबार सोडून १३ जून रोजीं ते मुंबई बंदरांत शिरले. बोट इतकी लहान कीं ती आल्याचें प्रथम कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं. त्यांनीं दोन्ही मुलांस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेवलें व आपण विलायतेस गेले. बोट पुढें बऱ्याच तोट्यानें विकली गेली, आणि आलेले पैसे ज्या बँकेंत ठेविले तीही बुडाली.

१८६५ सालीं ते मुंबईस परत आले, तेव्हां नाशिकासही जाऊन आले. तेथें चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ सालीं शरणपूर नांवाची ख्रिस्ती वसाहत स्थापिली होती. अरबी समुद्रांत गुलामांचीं गलबतें पकडून इंग्रजी आरमारानें जीं आफ्रिकी मुलें सोडविलीं, त्यांपैकीं कांहीं येथें वाढत होतीं. त्यांस लिहिणें-वाचणें व सुतारकाम-लोहारकामासारखे धंदे शिकवीत. आईबापांपासून तोडलेलीं, कित्येकांस आपलें मूळ गांवही न आठवणारीं हीं मुलें गोदावरीच्या कांठीं लहानाचीं मोठीं झालीं. त्यांपैकीं नऊ जणांस घेऊन, शिवाय मुंबईचे १३ शिपाई, चुमा, विकातानी, आणि पूर्वीचे सोबती सुसी व अमोदा यांसह, १८६६ च्या आरंभीं डॉक्टर नाईल नदीचा उगम शोधण्यास व गुलामांच्या व्यापाराचा डाग जगास दाखविण्यास निघाले. त्सेत्से माशीच्या दंशापुढें टिकतात कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांनीं उंट व म्हशीही नेल्या होत्या. जनावरांचे फार हाल झाले व तीं मेलीं. शिपायांस लवकरच परत धाडावें लागलें. कोमोरो बेटांवरील दहा जण पळून गेले व डॉक्टर मारले गेल्याची खोटी बातमी त्यांनीं पसरविली. नाशिकचे सारेच मुलगे अखेरपर्यंत राहिले असेंही नाहीं. १८६७ च्या जानेवारींत औषधांची पेटी चोरीस गेली, आणि क्विनाईनवांचून हिवतापाच्या प्रदेशांत हिंडणें म्हणजे मरणाच्या वाटेस लागणें, हें वैद्य असलेल्या त्या पुरुषास पुरतें कळलें होतें.

तरी ते चालतच राहिले. म्वेरू व बांग्वेउलू हीं सरोवरें त्यांनीं पाहिलीं. अन्नासाठीं व आधारासाठीं त्यांस अनेकदां त्या गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच तांड्यांबरोबर राहावें लागलें. ज्यांचा धंदा बुडवावयाचा त्यांचेंच मीठ खावयाचें, ही त्यांच्या मनास मोठी जाचणी होती. १५ जुलै १८७१ रोजीं न्यांग्वे येथील भरल्या बाजारांत त्या व्यापाऱ्यांच्या माणसांनीं गोळ्या झाडून शेंकडों माणसें, त्यांत मुख्यत्वें बायका, मारिल्या व नदींत बुडविल्या. डॉक्टरांनीं तें डोळ्यांनीं पाहिलें. ते खचून उजिजीस परतले. तेथेंच त्या वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचा बातमीदार हेन्री स्टॅन्ले यानें त्यांस शोधून काढलें. मार्च १८७२ मध्यें स्टॅन्ले परत गेला; त्याच्या आग्रहासही न जुमानतां डॉक्टर मागें राहिले. ज्या लुआलाबा नदीस ते नाईल समजत होते ती वस्तुतः कांगोची आहे, हें त्यांच्या मागून सिद्ध झालें.

स्टॅन्लेनें किनाऱ्याहून नवीं माणसें पाठविलीं. त्यांत शरणपुरांत शिकलेले जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन इत्यादि तरुण होते. पावसाळ्यांतील दलदलींतून, रक्तस्त्रावानें क्षीण झालेल्या डॉक्टरांस डोलींत घालून ते चितांबोच्या गांवापर्यंत आले. १ मे १८७३ रोजीं पहाटे सुसीस हांक आली. झोंपडींत दिवा तेवत होता, आणि डॉक्टर खाटेशेजारीं गुडघे टेकून, तोंड ओंजळींत धरून, प्रार्थनेच्या स्थितींत गतप्राण झालेले होते.

यापुढें जें घडलें त्याचे कर्ते सर्वस्वी ते सोबती. धनी गेला होता. समुद्र हजार मैलांहून दूर. प्रेत वाहून नेणें त्या प्रदेशांत अपशकुनी व धोक्याचें. तेथेंच मूठमाती देऊन ते मोकळे झाले असते तर कोणी जाब विचारला नसता. त्यांनीं विचार करून ठरविलें कीं, देह व कागदपत्रें त्यांच्या माणसांच्या स्वाधीन करावयाचीं. हृदय व आंतडीं काढून एका झाडाखालीं पुरलीं. जेकब वेनराइटनें उपासनेच्या पुस्तकांतून दफनविधि वाचला, व झाडावर नांव आणि तारीख कोरली. देह मीठ घालून चौदा दिवस उन्हांत वाळविला, मग झाडाची साल व शिडाचें कापड यांत गुंडाळून दांड्यास बांधला. ऑक्टोबरांत उन्यान्येंबे येथें त्यांस कॅमेरॉन नांवाचा इंग्रज अधिकारी भेटला. त्यानें देह तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनीं तो नम्रपणें पण ठामपणें अमान्य केला. पुढें प्रेतास वाट मिळेना, तेव्हां त्यांनीं गवताच्या ताटांचें एक खोटें प्रेत बांधून तें परत पाठविल्याचें सोंग केलें, आणि खरें ओझें कापडाच्या गठ्ठ्यासारखें बांधून पुढें नेलें. वाटेंत कित्येक सोबती रोगानें मेले. फेब्रुवारी १८७४ मध्यें ते बागामोयो या बंदरीं पोंचले. सरकारी अधिकाऱ्यानें देह ताब्यांत घेतला, मजुरी चुकती केली, आणि त्यांस निरोप दिला. पुढें लंडनच्या भूगोलसंस्थेनें त्यांच्यासाठीं पदकें पाडविलीं. तोंवर ते पांगले होते, व सर्वांस तीं पोंचलीं नाहींत.

लंडनांत देहाची ओळख पटविण्यासाठीं शस्त्रवैद्यांनीं डावा दंड पाहिला. माबोत्साच्या सिंहानें मोडलेलें हाड तीस वर्षांनीं साक्षीस आलें. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें. पेटीवरील वस्त्र धरणाऱ्या आठ जणांत स्टॅन्ले, ऑझवेल यांच्याबरोबर शरणपूरचा जेकब वेनराइट होता. सुसी व चुमा मागाहून विलायतेस पोंचले. डॉक्टरांच्या अखेरच्या रोजनिशा छापण्याच्या कामीं त्यांच्या आठवणींचा फार उपयोग झाला. न्यांग्वेच्या कत्तलीची हकीकत विलायतेंत पोंचल्यावर मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांस झांझिबारास पाठविण्यांत आलें होतें. जून १८७३ मध्यें तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. डॉक्टरांस जाऊन तेव्हां महिनाच झाला होता.

१८७५ सालीं मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही वसाहत स्थापन झाली, आणि शरणपूरचीं बरींच आफ्रिकी मंडळी तिकडे राहावयास गेली. त्या डोलीस व त्या ओझ्यास खांदा दिलेला मॅथ्यू वेलिंग्टन पुष्कळ वर्षें जगला. १९३५ सालीं मोंबासा येथें तो वारला.